टटलसाहेबांना मोकळं करा

सुयश बोकीलच्या एकांकिकेत खून कोणी केला, हे थेम्स खोरे मराठी मंडळाच्या एकशे चाळीस सभासदांपैकी एकालाही माहीत नाही. त्यात वाईट काही नाही, रहस्यच होतं ते. वाईट हे, की एकालाही ते माहीत करून घ्यायचं नाही.

झालं असं. मागच्या गणेशोत्सवात, स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये, भर दुपारी, सुयशची पंचवीस मिनिटांची एकांकिका चालू होती. लेखन सुयश, दिग्दर्शन सुयश, सोफा सुयशच्या फ्लॅटमधला. रहस्य फुटू नये म्हणून शेवटचं पान त्यानं नटांनाही दाखवलं नव्हतं, ते घडी घालून इन्स्पेक्टरच्या टोपीत ठेवलं होतं. तेविसाव्या मिनिटाला इन्स्पेक्टर स्टेजच्या मधोमध आला, टोपी काढली आणि म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे. आणि खुनी आहे..."

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर श्रीकांत वेलणकर विंगेतून संथपणे चालत आले, इन्स्पेक्टरसमोरचा माइक आपल्याकडे वळवला आणि म्हणाले, "मंडळी, वरण गार होतंय."

अकरा सेकंदांत हॉल रिकामा झाला. इन्स्पेक्टर टोपी घालून रांगेत उभा राहिला. प्रेताचं काम करणारा सुयशचा फ्लॅटमेट साकेत तर इन्स्पेक्टरच्याही पुढे होता.

"तुला तरी विचारावंसं वाटलं नाही, की तुला कोणी मारलं?" सुयशनं घरी आल्यावर त्याला विचारलं.

"मी मेलो होतो ना," साकेत म्हणाला. "मला काय करायचंय."

सुयश मूळचा पुण्याचा, वय एकोणतीस. एका वेअरहाऊसच्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधणं ही त्याची नोकरी. घरी आल्यावर तेच काम तो बिनपगारी करायचा. त्या रात्री त्यानं लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडली, तिला 'सूड' असं नाव दिलं आणि शांत झोपला.

शीटमध्ये चौदा उपाय होते. त्यातले व्हिसाच्या अटींत बसणारे दोनच उरले. पहिला, श्रीकांतकाकांच्या गाडीकडे बघून हसणे. तो त्यानं महिनाभर करून पाहिला. काका एकदा थांबून म्हणाले, "आवडली का? घेऊन जा चक्कर मारायला." त्यामुळे तो उपाय बाद झाला आणि उरला दुसरा. काकांना अध्यक्षपदावरून खाली खेचणे.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. श्रीकांतकाका अकरा वर्षं अध्यक्ष होते आणि अकरा वर्षांत एकदाही निवडून आलेले नव्हते, कारण निवडणूकच व्हायची नाही. दर मार्चमध्ये वार्षिक सभा भरायची. काका उभे राहायचे, चष्मा काढायचे, रुमालानं पुसायचे आणि म्हणायचे, "वयोमानानुसार आता मला मोकळं करा." मग सगळा हॉल म्हणायचा, "छे छे, काका, तुम्हीच पाहिजे." काका म्हणायचे, "आता तुमचा आग्रहच असेल तर," आणि चष्मा परत नाकावर चढायचा. इतिवृत्तात 'बिनविरोध' असं लिहिलं जायचं. आता 'मला मोकळं करा' हे वाक्य म्हणजे पंगतीत पाहुण्यानं 'पुरे पुरे' म्हणण्यासारखं. ते ऐकून जो खरोखरच वाढायचं थांबवतो, त्याच्या घरी पुन्हा कोणी जेवायला जात नाही.

शीटमधला हा दुसरा उपाय तसाच पडून राहिला. मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सुयश ईलिंगच्या एका जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये टेबललॅम्प शोधत होता. लॅम्पच्या खाली, उंची वाढवायला, एक जाड पुस्तक ठेवलेलं होतं. ओहायो राज्यातल्या पोर्ट हॅविलंड या शहराचा मेयर ऑरिन टटल याचं चरित्र. लिहिणारा टटलचाच भाचा. सुयशनं मधलंच एक पान उघडलं. एकशे बारावं. ते वाचून त्यानं लॅम्प परत ठेवला आणि पुस्तक घेतलं.

एकशे बाराव्या पानावर असं होतं, की १९०८ साली पोर्ट हॅविलंडच्या नाट्यगृहात ऑपेरा चालू असताना, नायिका विष पिण्याच्या बेतात असताना, मेयर टटल स्टेजवर चढले आणि म्हणाले, "सभ्य स्त्रीपुरुषहो, बर्फावरचे शिंपले गरम होत आहेत." आणि सगळं नाट्यगृह उठून जेवायला गेलं.

ट्रेनमध्ये बसून सुयशनं बाकीचं वाचलं. स्लाऊ येईपर्यंत त्याला कळून चुकलं होतं, की देवानं श्रीकांत वेलणकर हा माणूस एकदा आधीही बनवला होता, अमेरिकेत, मिशीसकट.

त्याच आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरी मधुमतीताईंचा फोन आला. ताई वॉटफर्डला फार्मसिस्ट होत्या आणि फोनवर कायम औषध समजावून सांगितल्यासारख्या बोलायच्या.

"सुयश, ऐक. वार्षिक सभेला कोरम होत नाही. म्हणून सभेच्या आधी एक माहितीपर व्याख्यान ठेवतोय, पाऊण तास. नंतर सभा, नंतर जेवण. कोणी मिळत नाहीये."

"मी देतो," सुयश म्हणाला.

"कशावर?"

"अमेरिकेतल्या एका शहराच्या मेयरवर. एकोणीसशे तीन ते तेरा."

"आपल्या लोकांना त्याचा काय उपयोग?"

"होईल," सुयश म्हणाला. "शेवटी होईल."

बेत सरळ होता. टटलचं आयुष्य सांगायचं. ऐकणाऱ्यांना हळूहळू कळत जाणार, की हा टटल आपल्या ओळखीचा आहे. शेवटी टटल कसा पडला, ते सांगायचं आणि खाली बसायचं. पुढच्या पाच मिनिटांत काका उभे राहतील, चष्मा काढतील. बाकीचं काम लोक करतील. साकेतला त्यानं हे सगळं स्लाइड दाखवून समजावलं.

"आणि लोकांना नाहीच कळलं तर?"

"कळणार. शिंपले आहेत ना."

सभेच्या दिवशी साठेक माणसं आली. श्रीकांतकाका पहिल्या रांगेत मधोमध बसले. ते हाडांचे डॉक्टर, तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत हाडं जोडून रिटायर झालेले, त्यामुळे समोरच्या प्रत्येक माणसाकडे, हा कुठे मोडलाय, असं बघायची सवय. सुयशकडे त्यांनी तसंच पाहिलं आणि प्रोत्साहन म्हणून मान हलवली. सुयशच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यानं पहिली स्लाइड लावली.

"ऑरिन टटल. पोर्ट हॅविलंडचे महापौर."

"एक मिनिट," मागून आवाज आला. वॉटफर्डचे सतीशकाका. "लोकसंख्या किती?"

"कशाची?"

"शहराची. महानगरपालिका असेल तर महापौर. नुसती नगरपालिका असेल तर नगराध्यक्ष."

"अमेरिकेत तसं नसतं, काका."

"अमेरिकेत नसेल. मराठीत असतं ना."

यावर आठ मिनिटं गेली. मधुमतीताईंनी हात वर करायला लावले, एकोणतीस विरुद्ध सव्वीस मतांनी टटलना नगराध्यक्ष करण्यात आलं, आणि सुयशनं पुढची स्लाइड लावली.

टटल चांभाराचा मुलगा, सातवा. विसाव्या वर्षी शवपेट्या विकायचं दुकान टाकलं. त्यामुळे झालं काय, की गावातल्या प्रत्येक मतदाराच्या बापाला टटलनंच पोचवलेलं होतं. १९०३ साली तो निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्यानं एकच भाषण केलं, "मी तुमच्या घरच्यांना ओळखत होतो." पुरलं ते.

निवडून आल्यावर त्यानं आधी पूल बांधला. नदी नव्हती. दोन वर्षं लोक कोरड्या पुलावरून जात होते. मग टीका झाली, तेव्हा त्यानं नऊ मैलांवरून कालवा खणून पुलाखाली पाणी आणलं आणि म्हणाला, आता बोला. तो स्वतः सगळीकडे पंधरा मिनिटं उशिरा यायचा, म्हणून गावाचं घड्याळ त्यानं पंधरा मिनिटं मागे करून घेतलं. स्टेशनवरच्या गाड्या मात्र जुन्याच वेळेनं सुटत राहिल्या आणि १९०६ सालात पोर्ट हॅविलंडमधून एकही माणूस बाहेरगावी जाऊ शकला नाही. टटलनं याचा अर्थ, लोकांना आपलं शहर सोडवत नाही, असा लावला.

"वा," श्रीकांतकाका म्हणाले.

सुयशनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि एकशे बारावं पान सांगितलं. नायिका. विषाचा पेला. शिंपले. शेवटचं वाक्य त्यानं फार सावकाश म्हटलं आणि गप्प राहून हॉलकडे पाहिलं.

हॉल विचारात पडलेला होता. पहिल्यांदा श्रीकांतकाकाच बोलले. "बरोबर केलं त्यानं. शिंपले टिकत नाहीत."

"पोट बिघडतं," सतीशकाका म्हणाले.

"ऑपेरा काय, उद्या पण बघता येतो," आणखी कोणीतरी म्हणालं. सगळीकडून होकार आले. शेवटच्या रांगेतून साकेतनं सुयशकडे खांदे उडवून दाखवले.

सुयशचे शिंपले फुकट गेले. पण हुकमाचं पान अजून हातात होतं.

"दर निवडणुकीला," तो म्हणाला, "टटल टाउन हॉलच्या गच्चीत उभे राहायचे. खाली सगळं गाव. टटल टोपी काढायचे आणि म्हणायचे, मी दमलो. मला आता मोकळं करा. मला माझ्या पेअरच्या, म्हणजे नाशपतीच्या, झाडांकडे जाऊ द्या. आणि गाव ओरडायचं, नाही, नाही. मग टटल टोपी घालायचे. दहा वर्षं असं चाललं. १९१३ साली टटल म्हणाले, मला मोकळं करा. गाव ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात मागे उभा असलेला अमॉस पाइल नावाचा टोपीविक्या म्हणाला, 'ऑल राइट.' एवढंच. आणि लोकांच्या लक्षात आलं, की असंही म्हणता येतं. टटल संपले. धन्यवाद."

टाळ्या चांगल्या पडल्या. श्रीकांतकाकांनी चष्म्याखालून डोळे टिपले. "काय माणूस," ते शेजारच्याला म्हणाले. "आणि काय कृतघ्न गाव."

मधुमतीताईंनी लगेच सभा सुरू केली, कारण किचनमधून फोडणीचा वास यायला लागला होता. विषय क्रमांक चार, अध्यक्षांची निवड. श्रीकांतकाका उभे राहिले. चष्मा काढला. रुमाल काढला. सुयशनं हॉलभर नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावर थांबत, आता तरी, आता तरी. चेहरे सगळे किचनच्या दाराकडे वळलेले होते.

"वयोमानानुसार," काका म्हणाले, "आता मला मोकळं करा."

हॉलनं 'छे छे' म्हणायला श्वास घेतला.

"बरं," सुयश म्हणाला.

हीटर टिकटिकत होता.

"काय म्हणाला तो?" सतीशकाकांनी विचारलं.

"बरं म्हणाला," मधुमतीताई म्हणाल्या.

"कशाला?"

"मोकळं करायला."

"असं कसं? असं म्हणत नाहीत."

श्रीकांतकाका तसेच उभे होते, एका हातात चष्मा, दुसऱ्यात रुमाल. जेवायला बसलेल्या माणसापुढून भरलेलं ताट कोणीतरी उचलून न्यावं, तसा त्यांचा चेहरा झाला. सुयशनं सेकंद मोजले. चार. इंग्लंडात येऊन पाच वर्षं झाली होती, पण इतकं छान त्याला इथे कधीच वाटलं नव्हतं.

पाचव्या सेकंदाला काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ठीक आहे," ते म्हणाले. "नव्या अध्यक्षपदासाठी मी चिरंजीव सुयश बोकील यांचं नाव सुचवतो."

"अनुमोदन," सात ठिकाणांहून एकदम आलं. त्यातलं एक साकेतचं होतं. सुयश काही बोलेपर्यंत अर्धा हॉल रांगेत गेला होता.

"तू का अनुमोदन दिलंस?" त्यानं साकेतला ताटाजवळ गाठलं.

"सगळे देत होते. वाटलं, दिल्याशिवाय जेवण मिळणार नाही."

निघताना श्रीकांतकाका सुयशजवळ आले. "छान झालं व्याख्यान. पण एक सांग, टटलचं पुढे काय झालं?"

"पुढे काय, काका. संपले ते."

"माणूस असा संपत नसतो रे. पुस्तक देतोस वाचायला?"

सुयशनं दिलं. शेवटचं प्रकरण त्यानं वाचलंच नव्हतं. टटल पडला, तिथेच त्याचं काम झालं होतं.

पुढच्या रविवारी काका गाडी घेऊन फ्लॅटवर आले. गाडीतून त्यांनी दोन भलीमोठी पातेली काढली, गणपतीचं सात तुकड्यांत सुटणारं मखर काढलं, एक अँप्लिफायर, हॉलच्या किल्ल्या आणि बिस्किटांच्या डब्यात भरलेल्या सेफ्टी पिना. हे सगळं अकरा वर्षं त्यांच्या गॅरेजमध्ये होतं. सुयशला गॅरेज नव्हतं. पातेली सोफ्यावर बसली आणि साकेत जमिनीवर. सगळ्यांत शेवटी काकांनी पुस्तक परत दिलं. शेवटच्या प्रकरणात खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं होतं.

"वाच," ते म्हणाले. "बोधप्रद आहे."

शेवटच्या प्रकरणात असं होतं. टटल पडल्यावर लोकांनी अमॉस पाइललाच मेयर केलं, कारण बोलला तोच होता. टटल नंतर एकोणीस वर्षं जगले. दर मंगळवारी ते नगर परिषदेच्या सभेला यायचे, पहिल्या रांगेत मधोमध बसायचे, खिशातून एक पेअर काढून खायचे आणि खाऊन झालं, की एकच प्रश्न विचारायचे. पाइल सहा वर्षं टिकला. मग त्यानं टोप्यांचं दुकान विकलं आणि दुसऱ्या राज्यात निघून गेला. मरेपर्यंत त्याच्या घरात पेअर आणायला बंदी होती. टटलच्या भाच्यानं या प्रकरणाला नाव दिलं होतं, 'लोकसेवेची वर्षं'.

एप्रिलमधल्या पहिल्याच कमिटी मीटिंगला श्रीकांतकाका आले. पहिली रांग, मधोमध. खिशातून पेअर काढला. शांतपणे खाल्ला. देठ रुमालात गुंडाळला.

"एकच प्रश्न," ते म्हणाले. "मूर्तीची ऑर्डर कोणत्या तारखेला दिलीस?"

सुयशनं ऑर्डर दिलेली नव्हती. ती द्यायची असते, हेच त्याला माहीत नव्हतं.

मे महिन्यात विचारलं, हॉलचं बुकिंग कौन्सिलनं कन्फर्म केल्याचा ईमेल आहे का. नव्हता. जूनमध्ये विचारलं, मखराचा सातवा तुकडा कुठे आहे. सुयशनं मोजले, तर सहाच भरले. महिनाभर तो तुकडा शोधत होता. शेवटी साकेत रोज ज्या फळीवर लॅपटॉप ठेवायचा, ती त्यानं उलटून पाहिली. तोच सातवा तुकडा होता. ऑगस्टपर्यंत अशी वेळ आली, की सुपरमार्केटमध्ये फळांच्या बाजूला जायचं टाळून सुयश फिरून जायचा.

पण अध्यक्षपदाचा एक फायदा असतो. कार्यक्रमपत्रिका अध्यक्ष ठरवतो. सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवाची पत्रिका निघाली, तिच्यात एकच करमणुकीचा कार्यक्रम होता. मागच्या वर्षीची एकांकिका, संपूर्ण. इन्स्पेक्टरच्या भूमिकेत अध्यक्ष स्वतः. किचनच्या दारावर मधुमतीताई बसवलेल्या. स्टेजवरचा स्टँड काढून टाकलेला, आणि हॉलमधला एकुलता एक वायरलेस माइक इन्स्पेक्टरच्या कोटाच्या आतल्या खिशात, बंद करून.

दुपारी बाराला पडदा उघडला. साकेत सोफ्याजवळ मरून पडला. पत्नीच्या भूमिकेतल्या आश्लेषानं पाहुण्यांना चहा ओतला. संवाद चोख झाले. तेविसाव्या मिनिटाला सुयश मधोमध आला, टोपी काढली, वर्षभराचा श्वास घेतला आणि म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे. आणि खुनी आहे..."

पहिल्या रांगेत एक हात वर झाला. हातात पेअरचा देठ होता.

"एकच प्रश्न," श्रीकांतकाका म्हणाले.

"नाटक चालू आहे, काका."

"विचारू दे रे," सतीशकाका म्हणाले. सहा महिन्यांत लोकांना या प्रश्नांची सवय लागली होती. कमिटी मीटिंगला माणसं आता त्या एका प्रश्नासाठीच यायची.

"ही बायको," काका उभे राहून म्हणाले, "चहा डाव्या हातानं ओतते. मागच्या वर्षी पण डाव्याच हातानं ओतला होता. प्रेताला जखम आहे उजव्या कानशिलावर. समोरून डाव्या हातानं मारलं, की उजवीकडेच लागतं. तीस वर्षं बघितलंय मी. म्हणजे खून बायकोनं केला. बरोबर ना?"

साकेतनं मरणातून मान वर करून आपलं कानशील चाचपलं.

सुयश उभा राहिला तसाच. पुढची दोन मिनिटं त्याला जे बोलायचं होतं, ते हेच होतं, चहाच्या कपापासून कानशिलापर्यंत, शब्दाला शब्द. एकशे चाळीस माणसांतल्या एकानं त्याचं नाटक डोळे उघडे ठेवून बघितलं होतं. एकानं वर्षभर ते डोक्यात ठेवलं होतं. एकानं विचारलं होतं. त्याच्या जिभेवर 'हो' आलं.

"मला तर मागच्या वर्षी दहाव्या मिनिटालाच कळलं होतं," काका लोकांकडे वळून सांगत होते. "म्हणून तर थांबवलं. म्हटलं, सगळ्यांना कळलंच असेल, उगाच वरण कशाला गार करा."

सुयशनं 'हो' गिळलं. कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, माइक काढला, चालू केला.

"मंडळी," तो म्हणाला, "वरण गार होतंय."

या वेळी नऊ सेकंद लागले.

रांगेत सगळ्यात शेवटी श्रीकांतकाका आले. वाढायला अध्यक्ष स्वतः उभा होता, कारण वाढप्यांची यादी करायची असते, हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी ताट पुढे केलं. भाताची मूद होती, मध्ये खळगा केलेला.

"बायकोच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

सुयशनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं, आणि सुयशनं ते नीट, सावकाश, पोटभर पाहून घेतलं.

"पुढच्या वर्षी लवकर या," तो म्हणाला आणि खळग्यात पळीभर वरण ओतलं.

काकांनी तिथेच उभ्या उभ्या एक घास खाल्ला.

"गार आहे," ते म्हणाले.

"हो," सुयश म्हणाला.